प्रमोशन घ्यावं की नाकारावं? (सरकारी बँकेतलं वातावरण, अनुभव हवेत)

खिडकी_क्र_३

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. नोकरीला दहा-अकरा वर्षं झाली. यंदा स्केल वनच्या (ऑफिसरची पहिली पायरी) प्रमोशनची परीक्षा दिली, मुलाखतही झाली. यादी महिनाअखेर लागेल म्हणतात आणि नाव येईल असं वाटतंय. घरचे पेढ्यांच्या तयारीत आहेत, मी मात्र नाव नसलं तर बरं या विचारात.

कारण साहेब लोकांचे हाल रोज काचेच्या या बाजूने बघतो. आमचे शाखाधिकारी अगदी सज्जन गृहस्थ आहेत. दुपारी साडेतीनला रिजनल ऑफिसची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागते. केबिनचं दार लोटलेलं असलं तरी लॅपटॉपचा आवाज काउंटरपर्यंत येतो. "खालून चौथे आहात, झोप कशी लागते तुम्हाला?" हे वाक्य मी कॅश मोजताना ऐकलं. पासबुक घेऊन समोर उभ्या असलेल्या आजींनीही ऐकलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले, फिल्टरवर पाणी प्यायले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले, "दोन अटल पेन्शन होतात का बघ ना."

तर ज्यांनी प्रमोशन घेतलंय, ज्यांनी नाकारलंय, त्यांनी कृपया लिहा. पैशाचं गणित मला कळतं. शाखेत माणसाचं काय होतं ते विचारतोय.

तिढा

नाकारा. मी दोनदा नाकारलंय आणि सुखात आहे.

पैशाचं गणित कळतं म्हणता, तरी इतरांसाठी मांडतो. मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय (बँका आणि युनियनच्या पगाराच्या) करारानंतर क्लार्कचा बेसिक २४,०५० पासून सुरू होतो, स्केल वनचा ४८,४८० पासून. लांबून बघणाऱ्याला वाटतं दुप्पट. पण दहा-अकरा वर्षं झालेला, पदवी आणि जेएआयआयबीची (बँकिंगची परीक्षा) इन्क्रिमेंट घेतलेला क्लार्क पन्नाशीच्या आसपास पोचलेलाच असतो. भत्ते, बँकेचं भाड्याचं घर वगैरे धरून ऑफिसरला जास्त मिळतं, नाही असं नाही. पण बदली झाली की दोन चुली होतात, आणि जास्तीचे पैसे दुसऱ्या चुलीतच जातात.

आमच्याकडे नाकारलं की काही वर्षं परीक्षेला बसू देत नाहीत. ती शिक्षा मी आनंदाने भोगतो.

खरा मुद्दा वेगळा आहे. माझी कॅश शॉर्ट आली तर मी खिशातून भरतो, पण ती त्याच संध्याकाळी कळते. ऑफिसरची शॉर्ट दहा वर्षांनी कळते.

पायरीचा_आंबा

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून एचआरमध्ये लावा.

निवांत

धागा आवडला. मी निवृत्त आहे. १९७८ ला क्लार्क म्हणून लागलो, ऑफिसर झालो, शाखाधिकारी म्हणून बऱ्याच गावांचं पाणी प्यालो.

आमच्या वेळी सगळं गोड होतं असं सांगणार नाही. काउंटरवरची काही मंडळी अकराला येत, खुर्चीला शर्ट लावून गायब होत आणि शाखाधिकाऱ्याला हुं का चूं करता येत नसे. टार्गेटही होतीच. आयआरडीपीची (गरिबांना कर्ज देण्याची सरकारी योजना) उद्दिष्टं आली की एकच म्हैस तीन गोठ्यांत फोटोला उभी राहायची, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. लोन मेळ्यात मंत्र्यांच्या हस्ते वाटलेली कर्जं वसूल करायला मात्र आम्हीच पायपीट करायचो.

फरक कुठे होता सांगतो. १९६९ ला १४ आणि १९८० ला आणखी ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा भराभर वाढल्या, आणि शाखेत माणसं होती. चूक दाखवणारा कोणी तरी सीनियर शेजारच्या टेबलावर असायचा. "या सातबाऱ्यावर दुसरी नोंद आहे रे, परत बघ" असं तो सही होण्याआधी सांगायचा. नव्वदच्या दशकात भरती आटली. २०००-०१ ची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली तेव्हा जाणकार माणसं रांग लावून बाहेर पडली. पुढे भरती पुन्हा सुरू झाली तोवर शिकवणारी मधली पिढीच उरली नव्हती. आज तिशीतला पोरगा शाखा सांभाळतो आणि अडला तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो. आरडाओरडा आमच्याही काळात व्हायचा, पण ओरडणारा साहेब स्वतः कर्जाचे कागद वाचू शकायचा.

रांगेतला

बँकवाल्यांचा धागा दिसला म्हणून आलो. तुमचे हाल वाचून वाईट वाटलं, पण आमच्या हालांचं काय? पासबुक प्रिंटर बंद, लिंक डाऊन, आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत." माझ्या आईच्या खात्यातून ४३६ रुपये विम्याचे गेले, तिला कोणी विचारलं नव्हतं. हे कुठल्या संस्कृतीत बसतं?

सही_शिक्का

@रांगेतला, तुमचा प्रश्न धाग्याच्या बाहेरचा नाही, अगदी मधोमध आहे. त्यावर येतोच.

मी सध्या शाखाधिकारी आहे. निमशहरी शाखा, तालुक्याचं ठिकाण. माणसं: मी, एक ऑफिसर (पाटण्याचा, हुशार मुलगा, मराठी शिकतोय), दोन क्लार्क, एक शिपाई. क्लार्कला स्थानिक भाषा यावी लागते, ऑफिसर देशात कुठूनही कुठेही. त्यामुळे पीककर्जाचा शेतकरी आला की माझी क्लार्क दुभाषी होते आणि तिची खिडकी बंद पडते.

एक दिवस सांगतो. लाडकी बहीण सुरू झाली तेव्हाचा, ऑगस्ट २०२४. सकाळी आठला शाखेबाहेर शंभरेक बाया. आम्ही उघडतो दहाला. अर्ध्याअधिक जणींची तक्रार एकच, पैसे आले नाहीत. पैसे आलेले असतात, पण आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय त्या खात्यात. हे एकेकीला समजावून सांगायचं, आधार सीडिंगचा फॉर्म भरून घ्यायचा, अंगठा घ्यायचा. एका मावशींनी तीन बँकांत खाती काढली होती आणि आधार चौथीलाच जोडलेलं निघालं. त्यात बायोमेट्रिक मशीन बोटं ओळखेना, कारण खुरपून खुरपून रेषा पुसलेल्या. मी स्वतः फॉर्म भरायला बसलो. दीडला रिजनल ऑफिसचा फोन: आज लॉग-इन डे (नवे कर्ज अर्ज सिस्टीमवर चढवायचा दिवस) आहे, तुमचं एकही हाउसिंग लोन लॉग-इन नाही, का? मी म्हटलं सर, शाखेत गर्दी आहे. उत्तर आलं, "गर्दी म्हणजे संधी. त्यातल्या किती जणींचा विमा केला?"

आता ४३६ वर येतो. ते जीवनज्योती विम्याचे. योजना चांगली आहे, वर्षाला ४३६ मध्ये दोन लाखांचं कव्हर खेड्यातल्या माणसाला दुसरं कोण देणार? आमच्या गावात दोन विधवांना ते पैसे मिळाले, चेक मी दिलेत. पण आकडा रोज मागितला जातो, आणि संमती घेतली का हे कोणी रोज विचारत नाही. मग कुठल्यातरी शाखेत कुणीतरी फॉर्म न घेताच टिचकी मारतो. २०१६ मध्ये जनधनची झिरो बॅलन्स खाती कमी दिसावीत म्हणून कर्मचाऱ्यांनीच रुपया-रुपया भरल्याच्या बातम्या आल्या होत्या, आठवतंय? ते कुणाच्या फायद्यासाठी होतं? कर्मचाऱ्याचा तर रुपया गेला. व्हीसीवर शाखेचं नाव वाचलं जाऊ नये, एवढ्यासाठीच.

आईंच्या पैशाबद्दल: शाखेत लेखी तक्रार द्या आणि संमतीचा फॉर्म दाखवा म्हणा. नसेल तर पैसे परत करावे लागतात. तिथे दाद लागली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, फुकट.

रांगेतला

धन्यवाद. फॉर्म मागतो. (आणि तुमच्या शाखेत खातं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.)

कोरा_चेक

सरकारी मंडळी, तुमचं रडगाणं ऐकून गंमत वाटते. मी खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर होतो. आमच्याकडे सकाळी सव्वानऊला हडल. उभं राहून आजचा आकडा बोलायचा. संध्याकाळी सातला पुन्हा कॉल, सकाळी बोललेला आकडा कुठे आहे? नसेल तर फोन म्यूट न करता थांबायचं, बाकीचे ऐकत असतात. बदली नाही, पेन्शनची चिंता नाही, युनियनही नाही. आमची युनियन म्हणजे राजीनामा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालातच लिहिलंय की खासगी बँकांत नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे चारातला एक दर वर्षी उठून जातो. माझ्या टीममध्ये तर ओळख होईपर्यंत माणूस निरोप समारंभाला आलेला असायचा.

तुम्हाला निदान कोणी काढू शकत नाही. ओरडू दे की साहेबाला.

तिढा

@कोरा_चेक, काढू शकत नाही हे खरं. पण चार्जशीट देऊ शकतात, इन्क्रिमेंट थांबवू शकतात, ज्या गावाला दिवसातून दोनच एसट्या जातात तिथे पाठवू शकतात. तुम्ही राजीनामा दिलात तेव्हा तुमच्या सह्या मागे राहिल्या का?

कोरा_चेक

नाही. मी विकायचो, कर्ज मंजूर करणारे दुसरीकडे बसायचे. हा फरक आहे, मान्य.

वळचण

मी क्लार्कची ऑफिसर झाले. माझा अनुभव संमिश्र आहे म्हणून जरा सविस्तर.

पहिलं पोस्टिंग घरापासून साडेचारशे किलोमीटरवर, मुलगी तेव्हा चौथीत. शाखा जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर, स्वच्छतागृह मागे अंगणात आणि सामाईक. पाणी न पिता दिवस काढायची सवय लागली, पुढे त्याचा त्रासही झाला. हे कुठल्याच धोरणात लिहिलेलं नसतं. २०२४ च्या करारात बायकांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आजारपणाची रजा मिळाली, चांगलं झालं. त्याच वर्षी अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं की महिलांना शक्यतो जवळचं पोस्टिंग द्या. पण शाखेत एकच ऑफिसर असेल तर रजा कुणाच्या जिवावर घ्यायची? तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे. मी आजारी पडले तर दुसऱ्या शाखेतून माणूस येईपर्यंत कॅश उघडत नाही आणि गाव माझ्या नावाने बोटं मोडतं.

तिथले मॅनेजर कसे होते? तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. मला पहिल्या आठवड्यात म्हणाले, "मॅडम, तुमचा पासवर्ड मला कधी सांगायचा नाही, मी मागितला तरी." तेव्हा विनोद वाटला होता.

दुसऱ्या शाखेत उलट. गोड बोलणारे, वाढदिवसाला केक आणणारे. पण संध्याकाळी घाई असली की, "तुझ्या आयडीने एवढं पास करून टाक ना, कागद उद्या येतील." एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची, ही बँकेची साधी रीत. तिथे दोन्ही आयडी एकाच माणसाच्या हातात असायचे आणि कोणालाच वावगं वाटत नव्हतं. मी नाही म्हटलं तर "टीम स्पिरिट नाही" असं ठरलं. व्हीसीवर ओरडा बसतो तो ऐकू तरी येतो हो. हे केक कापत होतं.

मी निघाले तिथून. पुढे तिथे काय निघालं ते लिहीत नाही, चौकशी चालू आहे.

पायरीचा_आंबा

बापरे. वळचणताई, पूर्ण लिहा कधीतरी.

दुसरी_बाजू

इथे सगळे रिजनल ऑफिसला झोडपताहेत म्हणून लिहितो. मी रिजनल ऑफिसमध्ये बसतो. हो, तोच, व्हीसीच्या पलीकडचा.

आमच्याकडे झोनचा फोन येतो, झोनकडे हेड ऑफिसचा. माझ्या एक्सेलमध्ये साठ-सत्तर शाखा आहेत आणि प्रत्येकीसाठी तीसेक रकाने. डिपॉझिट, कासा (चालू आणि बचत खात्यांतले पैसे), गोल्ड लोन, एमएसएमई (छोटे उद्योग), विमा, पेन्शन, क्यूआर कोड, एनपीए (थकीत कर्ज) रिकव्हरी. त्यातला कोणताही रकाना लाल दिसला की मला विचारतात. मी शाखेला विचारणार नाही तर कुणाला विचारू? आणि खरं सांगू, काही शाखाधिकारी प्रेमाने विचारलं तर हलतच नाहीत. थकबाकी ६० दिवस ओलांडून जाते, म्हणजे एसएमए-टू (एनपीएच्या आधीचा धोक्याचा टप्पा) होते, तरी यांचा कर्जदाराला एक फोन नसतो. नव्वदी ओलांडली की एनपीए, मग तरतूद, मग सगळ्यांचीच पळापळ.

अपमान करू नये, मान्य. मी करत नाही.

सही_शिक्का

@दुसरी_बाजू, तुम्ही नसाल करत. पण एक सांगा, त्या तीस रकान्यांत एक रकाना 'शाखेत माणसं किती कमी' असा आहे का? 'किती जण महिनाभर रजा न घेता राबताहेत' असा आहे का?

रजेवरून आठवलं. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस अचानक रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२१ चं परिपत्रक. त्या काळात त्याने सिस्टीमला हात लावायचा नाही. हेतू हा की माणूस खुर्चीवर नसताना त्याने काही दडवलं असेल तर वर येतं. आमच्या ऑफिसरला तशी रजा मिळाली तेव्हा त्याच्या बायकोने मला फोन करून आभार मानले. तिला वाटलं मी दयाळू आहे.

दुसरी_बाजू

नाही, तसा रकाना नाही. मनुष्यबळाचा अहवाल वेगळा जातो, वेगळ्या खात्याकडे. ते आणि आम्ही एकाच मजल्यावर बसतो, पण रिव्ह्यूला तो कागद कधी टेबलावर येत नाही. हे तुमचं बरोबर आहे.

अरभाट

नवरा बँकेत आहे. यात एकच भर घालते: ३१ मार्चला आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असू नये अशी सगळ्या सासरची इच्छा असते. माझा आहे.

पतपेढी

सहकारी बँकेतला दृष्टिकोनही येऊ द्या. आमच्याकडे बदली फार तर पुढच्या तालुक्यात, व्हीसी नाही, झोन नाही. साहेबाला साहेब म्हणत नाही, अण्णा म्हणतो. ऐकायला छान. पण संचालकांचा माणूस कर्जाला आला की अण्णाच म्हणतात, "आपल्यातलाच आहे, बसवून टाक." नाही म्हणायचं कुणाला? संध्याकाळी देवळात तेच भेटणार. सरकारी बँकेत दबाव अनोळखी आवाजाचा असतो, आमच्याकडे ओळखीचा. मला विचाराल तर ओळखीचा जास्त जड. सप्टेंबर २०१९ मध्ये एका मोठ्या नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आमच्या काउंटरवरही लोक घाबरून आले. ठेव विमा एक लाखाचा पाच लाख झाला तो पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये. तोवर रोज त्याच चेहऱ्यांना "आपली बँक चांगली आहे" सांगताना घसा कोरडा पडायचा, कारण कुठल्या फाइलवर काय लिहिलंय ते आम्हालाच माहीत.

निवांत

पतपेढी, नेमकं बोललात.

जलमय

मी विलीन झालेल्या बँकेतला. १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या त्यातला. देश टाळेबंदीत आणि आमच्या शाखेची पाटी बदलली. सॉफ्टवेअर बदललं, फॉर्म बदलले, आणि रिव्ह्यूमध्ये "तुमच्याकडे असंच चालायचं वाटतं" हे ऐकू येऊ लागलं. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नवीन मेनूचा कोड आठवत नाही म्हणून पंचविशीतला मुलगा हसायचा. हळूहळू जुळलं. पण प्रमोशन घेणाऱ्याने हे धरून चालावं की ज्या बँकेची पद्धत तुम्हाला पाठ आहे ती उद्या नसेलही.

खिडकी_क्र_३

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

काल यादी लागली, नाव आहे. पोस्टिंग विदर्भातल्या एका ग्रामीण शाखेत. सात दिवसांत कळवायचंय.

घरी बोललो. बायको म्हणाली, "तुला साहेबाचा ओरडा सहन होतो की नाही ते तू बघ, बदली मी बघते." तर घ्यायचं ठरवतोय, नव्वद टक्के. तिढा, रागावू नका. इतकी वर्षं खिडकीत बसून कर्जाची फाइल कशी बनते हे मला नीट माहीत नाही आणि ते शिकायची इच्छा आहे, हेही एक कारण आहे. ओरड्याची भीती थोडी कमी झाली. सह्यांची वाढली.

म्हणून सही_शिक्का, वळचण, निवांतकाका, तुम्हालाच विचारतो. तोंडी दबाव आला, "आज पास कर, कागद उद्या", तर नेमकं काय करायचं? नुसतं नाही म्हटलं तर टीम स्पिरिट नाही, हो म्हटलं तर मान अडकली.

तिढा

रागावतो कशाला! अभिनंदन. पेढे इकडे पाठवा. तुमची खिडकी रिकामी झाली की आमच्या शाखेतून माणूस उचलतील, बहुतेक मलाच.

सही_शिक्का

अभिनंदन. आता कामाचं.

सरळ नाही म्हणू नका, "सर, मेल टाका, लगेच करतो" म्हणा. दहातले आठ वेळा मेल येत नाही आणि विषय तिथेच मरतो. कधी फोनवरच हुकूम आला तर फोन ठेवल्यावर तुम्हीच दोन ओळी पाठवा: "आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार अमुक खात्यात तमुक करत आहे, मान्यतेची प्रत कळवावी." शब्द सभ्य ठेवा, टोमणा नको. टार्गेटच्या शिव्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि सूचना तोंडी येतात, कारण कागद कुणालाच नको असतो. तो तुम्ही तयार करायचा. आणि मेलची प्रत कुठे आहे ते लक्षात ठेवा, बदली झाली की जुन्या शाखेचा मेल तुम्हाला उघडता येत नाही.

पासवर्डबद्दल वळचण यांनी लिहिलंच आहे. माझ्या शाखेत मी एक केलंय. कोणी लघवीला जरी उठलं तरी स्क्रीन लॉक करायची, आणि नसेल केली तर शेजारचा त्याच्या नावाने सगळ्यांना चहा सांगतो. पहिला महिना मीच सगळ्यात जास्त चहा पाजला.

आणि कर्ज बुडालं म्हणजे नोकरी गेली असं नसतं. पन्नास कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी कर्मचाऱ्यांची जबाबदारी ठरवायची एकसारखी पद्धत १ एप्रिल २०२२ पासून आहे. प्रामाणिक निर्णय चुकला आणि बेफिकिरी केली, यात फरक करायला त्यात जागा आहे. मात्र तो फरक तुम्हाला कागदावर दाखवता आला पाहिजे. जागेवर जाऊन पाहणी केली असेल तर तारखेसकट अहवाल लिहा. दुकान बघितलं म्हणून चालत नाही, त्या दिवशी माल किती होता ते लिहा.

वळचण

अभिनंदन! माझी एकच भर. पहिल्या पंधरा दिवसांत क्लार्क आणि शिपायाशी नीट बोला. कोणता कर्जदार कुणाचा मेहुणा आहे हे त्यांना माहीत असतं, सिस्टीमला नाही. तुम्ही स्वतः क्लार्क होतात, त्यामुळे ते तुम्हाला सांगतील. थेट भरती होऊन आलेल्याला सांगायला वेळ लावतात.

आणि शाखेचं स्वच्छतागृह आधी बघा. बरोबर काम करणाऱ्या बाईसाठी तरी.

दुसरी_बाजू

शुभेच्छा. व्हीसीत तुमचं नाव वाचलं गेलं तर कारण लांबड लावून सांगू नका. "तीन फाइल तयार आहेत, शुक्रवारी दोन होतील" एवढंच बोला. खोटा आकडा मात्र कधी बोलू नका, तो लिहून घेतलेला असतो. मनुष्यबळाचा कागद रिव्ह्यूला जोडावा असं मी आमच्या साहेबांना सुचवलंय. बघू.

निवांत

अभिनंदन, बाळा.

चार्ज घेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुढे दहा वर्षांनी काय निघेल ते बरंचसं चार्ज घेतानाच ठरतं. जाणारा अधिकारी घाईत असतो, टेम्पो भरलेला असतो, "सगळं ओके आहे, सही करा" म्हणतो. त्याला चहा द्या, बसवा, पण सही लगेच करू नका. सोनेतारणाची पाकिटं एकेक मोजा, नंबर रजिस्टरशी जुळवा, सील बघा. एखादं सील हललेलं वाटलं तर तिथेच थांबा आणि लेखी कळवा. कोरी चेकबुकं आणि डीडीची पानं मोजा. मग कर्जाची कागदपत्रं काढा आणि तारखा बघा. प्रॉमिसरी नोटची मुदत तीन वर्षांची. त्याआधी कर्जदाराची बाकी कबूल केल्याची सही घेतलेली नसेल तर दावा मुदतबाह्य होतो, आणि तो कुणाच्या काळात झाला हे विचारतात तेव्हा जाणारा साहेब तीन गावं पुढे गेलेला असतो. जी फाइल सापडली नाही तिचं नाव चार्ज रिपोर्टमध्ये 'मिळाली नाही' असं स्वच्छ लिहा. तो रागावेल, लिहा. दोन दिवस लागले तर लागू द्या, आणि रिपोर्टची सही केलेली प्रत घरी न्या, शाखेच्या कपाटात ठेवू नका.

खिडकी_क्र_३

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. होकार आज कळवतोय. सोमवारी निघतो.